भुतांच्या गावचे प्रेक्षक

मुंबई-पुण्याकडे सिनेमावर मत द्यायला अभ्यास लागतो म्हणतात. आमच्या पूर्णगडात ओटी लागते. संध्याकाळी ओटीवर चार माणसं टेकली की मतं आपोआप सुरू होतात. पूर्वी ती राजकारणावर, आंब्याच्या मोहोरावर आणि दुसऱ्याच्या सुनेवर असत. आता ओटीटीवर असतात. ओटी आणि ओटीटी यांत फरक फक्त एका 'टी'चा, आणि तो आमच्या स्वयंपाकघरातून संध्याकाळी दोनदा बाहेर येतो. एक बिनसाखरेचा, तीन साखरेचे.

पूर्णगडात थिएटर नाही. सिनेमा म्हणजे रत्नागिरी, वीस-पंचवीस किलोमीटर. एस.टी.ने जायचं आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटची दोन रिळं सोडून यायचं. आमच्या पिढीतल्या कित्येकांना कित्येक खलनायकांचं पुढे काय झालं ते आजतागायत ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ते सगळे अजून सुखात आहेत, आणि एकंदरीत जगाकडे पाहता त्यांचा समज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

बाकी गाव पाहाल तर सिनेमाला शोभेल असं आहे. खाली मुचकुंदीची खाडी, पलीकडे गावखडीचं सुरूचं बन आणि वर किल्ला. हा महाराजांनी बांधलेला शेवटचा किल्ला, इथे काम पूर्ण झालं म्हणून पूर्णगड, असं गावात सांगतात. इतिहासवाले मान हलवतात, ती कोणत्या दिशेला ते नीट कळत नाही. किल्ला इतका आटोपशीर की पाहुण्याला दाखवायला नेलं तर गॅसवर ठेवलेल्या भाताची शिट्टी व्हायच्या आत परत येता येतं. तट मात्र खणखणीत. आत काही नाही. नावात पूर्ण आणि आत मोकळा. थोडक्यात, शूटिंगला उत्तम.

तर गणपतीला मुंबईचा पुतण्या आला आणि त्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. जाताना म्हणाला, "काका, तुमच्यासाठी कोकणातलंच सगळं निवडून ठेवलंय." तांडेलाच्या घरी सुके बोंबील भेट न्यावेत, त्यातलाच हा प्रकार. पण पोराचा जीव मोठा. आम्ही क्रमाने पाहायला बसलो. आम्ही म्हणजे मी, आमची ही, शेजारच्या काकू आणि खालच्या वाडीतले तांडेल. तांडेलांनी होडी सोडून बरीच वर्षं झाली, पण सुकाणू सोडलेलं नाही. रिमोट त्यांच्याच हातात असतो. काकू एकट्या राहतात. दोन्ही मुलगे मुंबईत. त्यांच्या घराला सात खोल्या आहेत आणि त्या वापरतात दीड.

महिनाभरात आमच्या लक्षात आलं की कोकणात माणसांपेक्षा भुतं जास्त आहेत.

मी काही भुतांच्या विरुद्ध नाही. कोकणातल्या माणसाने भुताबद्दल तक्रार करणं म्हणजे घाटावरच्याने बाजरीबद्दल करणं. आमच्या आज्यांनीच मुंजा, हडळ, खवीस आणि गिऱ्हा यांना रोज रात्री आमच्या अंथरुणाशी आणून बसवलं. पण ती भुतं व्यवहारी होती. त्यांची हद्द ठरलेली असे. अमुक चिंचेपासून तमुक पऱ्ह्यापर्यंत त्यांचं, त्यापुढे आपलं. चुकून हद्द ओलांडलीत तर गाऱ्हाणं घालायचं, नारळ द्यायचा, प्रकरण मिटलं. कोर्टापेक्षा कितीतरी स्वस्त. कोकणातलं भूत हे मुळात शेजारी आहे. त्याच्याशी भांडण असतं, पण येणंजाणंही असतं.

सिनेमातलं भूत तडजोडच करत नाही. 'तुंबाड' घ्या. २०१८ साली आला तेव्हा फार चालला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. सुंदर काढलाय, यात वाद नाही. राही अनिल बर्वे यांनी पाऊस असा दाखवलाय की आमच्या हिने उठून खिडकी लावली. नाव तेवढं आपलं. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'शी त्याचा संबंध नावापुरता. ते खोत आपापसात भांडायला स्वतःच समर्थ होते, त्यांना हस्तराची गरज नव्हती. गोष्ट अशी, की हा हस्तर वाड्याच्या पोटात सोन्याची मोहरं घेऊन बसलेला आहे आणि भुकेला आहे. त्याला भुलवायला कणकेची बाहुली न्यावी लागते. इथे काकूंनी चहाची बशी खाली ठेवली.

"कणकेची?"

"हो, गव्हाच्या पिठाची."

"केव्हाची गोष्ट म्हणायची ही?"

"सुरुवात १९१८ ची."

"१९१८ साली कोकणात गहू? आमच्या लग्नात सुद्धा गव्हाची पोळी पंगतीला मोजून वाढली. तांदळाचं पीठ म्हटलं असतं तर मानलं असतं. नाचणीचं म्हटलं असतं तर त्याहून मानलं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि सोनं म्हणे. इथल्या कुठल्या घरात सोनं निघालंय? सोसायटीची नोटीस निघते."

मी म्हणतो, याला समीक्षा म्हणतात. लोभाची इतकी भयंकर गोष्ट, पण ती ज्या मातीत रोवली तिथे काय पिकतं ते कोणी विचारलं नाही. बरं, सिनेमातला नायक सोनं काढतो आणि पुण्याला नेतो. हे मात्र काकूंना लगेच पटलं. कोकणातलं जे काय चांगलं असेल ते वरच नेतात, हापूस असो, चिरा असो नाहीतर मुलगे.

'मुंज्या' त्यामानाने खेळकर. २०२४ चा हिंदी सिनेमा, शंभर कोटींच्या वर गेला. मुंज झाल्यावर मेलेला पोरगा झाडावर बसून लग्नासाठी हट्ट धरतो. तांडेल मनसोक्त हसले. मुंजा पिंपळावर असतो हे त्यांना मान्य. तो संगणकावर तयार होतो हे मान्य नाही. 'रात्रीस खेळ चाले' तर आमच्याकडे इंटरनेट येण्याच्या आधीपासूनचं दुखणं. ही मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून कोकणात ओरड झाली. पुढे आकेरीचं ते घर बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले, तेव्हा ओरड थांबली आणि वडापावची गाडी सुरू झाली असावी. अण्णा नाईकांचं काम माधव अभ्यंकरांनी असं केलंय की आमची ही दुसऱ्या दिवशी अण्णा नावाच्या कोणाशीही बोलायला तयार नव्हती. आणि गावात तीन अण्णा आहेत.

पण माझी खरी तक्रार भाषेची आहे. सिनेमातल्या कोकणात पनवेल सोडलं की सगळे मालवणी बोलतात. 'वस्त्रहरण' १९८० साली आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला असा मान मिळवून दिला की बाकी कोकणाचं तोंडच बंद झालं. मालवणी गोडच आहे, पण ती रत्नागिरीच्या माणसाच्या तोंडी म्हणजे सांगलीकराला वऱ्हाडी बोलायला लावण्यासारखं. इथली बोली वेगळी, हेल वेगळा, शिव्यांची ठेवण वेगळी. तसंच दशावताराचं. कोकण म्हटलं की दशावतार. उत्तम कला आहे. पण ती सिंधुदुर्गाची. आमच्या जिल्ह्यात नमन, खेळे, जाखडी. शिमग्यात पालखी घरोघर येते आणि नमनात काळा संकासूर पोरांच्या मागे धावतो, तेव्हा आमच्या इकडची मोठी माणसंसुद्धा क्षणभर दाराआड जातात. संकासुरावर अजून कोणी मोठा सिनेमा काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बहुधा तो मालवणी बोलत नाही म्हणून.

तांडेलांची तक्रार समुद्राची. सिनेमात समुद्र आला की ते पुढे सरकून बसतात, पंचासारखे. भर पावसात होड्या पाण्यात दिसल्या की झालं. "जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या वर काढून झापांनी झाकलेल्या असतात. हा कोणाचा जावई निघाला मासे मारायला?" ते एवढ्यावर थांबत नाहीत. नायिका किनाऱ्यावर केस सोडून उभी राहिली की वारा कुठल्या दिशेचा, भरती की सुकती, सगळं काढतात. एका प्रेमप्रसंगात नायक आभाळाकडे बघून आयुष्यभराचं वचन देत होता, तांडेल म्हणाले, "अजून अर्ध्या तासात दोघं भिजणार." भिजले. वचनाचं पुढे काय झालं ते आम्ही पाहिलं नाही, वीज गेली.

इथे तुम्ही म्हणाल, मग तुम्हाला आवडतं तरी काय? आवडलं ते उत्तर प्रदेशातलं! 'पंचायत'. २०२० पासून तिचे चार भाग आले आणि आमच्या ओटीने चारही पाहिले, पहिला तर तीनदा. फुलेरा गावातला तो ग्रामसचिव, तो प्रधान, ती खरी प्रधान असलेली प्रधानाची बायको. यातलं कोणी आमच्या गावात नाही असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. पहिल्या हंगामातल्या दुसऱ्याच भागात एक भुताचं झाड आहे. सौरदिवा कुठे लावायचा यावरून वाद होतो. गाव म्हणतं झाडाशी लावा. सचिवाला आपल्या अभ्यासापुरता ऑफिसाशी हवा असतो. तो भुताच्या मागे लागतो आणि शेवटी निघतं काय, तर भूत एका मास्तरांच्या नशेतून जन्मलेलं. वीस-पंचवीस मिनिटांत भूत खलास.

मला हे फार लागलं. त्यांच्या गावातलं भूत एका दिव्याच्या अर्जात मरतं आणि आमच्या गावातलं तीन-तीन हंगाम जगतं. असं का? तर 'पंचायत'वाल्यांनी गावात राहणारी माणसं पाहिली. कोकणावर सिनेमा काढणारा माणूस येतो, तो बंद घरं पाहतो. शेवाळलेला चिरा, कौलातून उगवलेलं झाड, दाराला गंजकं कुलूप. त्याला वाटतं, अरे वा, इथे भूत असणार! आता त्याला कोणी सांगावं, की बंद घरात भूत नसतं, वाळवी असते. दार करकरतं ते बिजागरीला खोबरेल घालायला माणूस नाही म्हणून. आणि घर पडलं तरी विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, कारण सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली चार वारली, पाच परदेशात, दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. या सतरांना एका सहीसाठी एका दिवशी एका टेबलाशी आणणं हे हस्तराकडून मोहरा आणण्यापेक्षा अवघड आहे. (काकूंनी परेश मोकाशींचा 'वाळवी' आग्रहाने लावायला लावला होता. काही उपाय सांगतील अशी त्यांची अपेक्षा. निघाला खुनाचा बेत. शेवटपर्यंत पाहिला, पण औषधाचं नाव कळलं नाही म्हणून थोड्या नाराज होत्या.)

गंमत अशी, की ज्या आदित्य सरपोतदारांनी 'मुंज्या' काढला त्यांनीच २०१३ साली 'नारबाची वाडी' काढली होती. मनोज मित्रांच्या बंगाली नाटकावरून घेतलेली गोष्ट, पण इथे अशी रुजली की बंगालची म्हणून ओळखूच येऊ नये. नारोबा हा म्हातारा, त्याची नारळी-पोफळीची वाडी आणि त्या वाडीवर डोळा ठेवून बसलेला खोत. खोत करार करतो, की मी तुला जिवंत असेपर्यंत महिन्याला पैसे देतो, तू मेलास की वाडी माझी. आणि महिन्याचे पैसे पोटात जायला लागल्यावर नारोबा मरायचं नावच घेत नाही. उलट तब्येत धरतो. खोत खंगतो. दिलीप प्रभावळकरांचा तो नारोबा पाहताना काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग गप्प झाल्या. त्यांच्याकडेही शहरातून गाडी घेऊन कोणी कोणी येऊन जातं. "आजी, सी-फेसिंग आहे हो तुमचं," म्हणून जातं. काकूंनी त्यातल्या एकाला विचारलं होतं, "समुद्राकडे तोंड आमचं जन्मापासून आहे, तुझं आत्ताच कसं वळलं?"

माझ्या मते कोकणावरचा हा सगळ्यात खरा भयपट. त्यात भूत नाही, एक करार आहे. बारा वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, प्रभावळकर 'दशावतार'मध्ये पुन्हा कोकणातला म्हातारा होऊन आले, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. या वेळी वाडीच्या जागी डोंगर आणि खोताच्या जागी खाणवाले. नजर अधू झालेला बाबुली मेस्त्री एकेका अवताराचं सोंग घेऊन सूड घेतो. सूडाचा भाग मला जरा जास्त झाला. कोकणातला म्हातारा सूड घेत नाही, तो दावा लावतो आणि समोरच्याच्या नातवापर्यंत चालवतो. पण प्रभावळकर डोळ्यांवर हात धरून रानाकडे पाहतात तेव्हा ते सगळं माफ. या दोन सिनेमांत म्हातारा गावात राहिलेला आहे, हे महत्त्वाचं. बाकी बहुतेक ठिकाणी सिनेमा सुरू होतो तो कोणीतरी बॅग घेऊन गावात आल्यावर. कोकण आपलं कोणीतरी येईपर्यंत पडद्यामागे थांबलेलं!

'किल्ला'तही माणूस बाहेरूनच येतो, पण तिथे मला चाललं. अविनाश अरुण यांचा हा सिनेमा २०१४ साली बर्लिनला पोरांच्या परीक्षकांचं बक्षीस घेऊन आला. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. पाऊस, सायकली, किल्ला, आणि भर पावसात त्याला किल्ल्यात एकटा टाकून गेलेले मित्र. इथे भूत आणायला केवढी सोय होती! आणलं नाही. पोराला भीती वाटते ती एकटेपणाची. तांडेलांनी पंचगिरी केली नाही आणि पाऊस खरा आहे असा शेरा दिला. याहून मोठा शेरा त्यांच्याकडे नाही.

शेवटी राहिला तो कान गाजवून आलेला, 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'. पायल कपाडियांचा. २०२४ साली तिथे त्याला ग्रां प्री मिळालं. तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत गेलेला आपला सिनेमा. पुतण्याने खास फोन करून सांगितलं, "काका, अर्धा सिनेमा रत्नागिरीकडचा आहे!" आम्ही तयारीने बसलो. पहिला अर्धा मुंबईचा, आणि बराचसा मल्याळममध्ये. दोन परिचारिका, एकीचा नवरा परदेशात, दुसरीचं प्रेम. खालची अक्षरं काकूंना वाचता येत नाहीत, तेव्हा मी मोठ्याने अर्थ सांगत होतो. काही प्रसंग असे आहेत की ते आले की आमच्या घरात चहाची फार आठवण होते. त्या दिवशी चहा चारदा झाला.

पण त्यात पार्वती आहे. छाया कदमांनी केलेली. दवाखान्यात स्वयंपाक करते, नवरा गेलेला, आणि राहत्या जागेचे कागद तिच्याजवळ नाहीत. बिल्डर घर सोडायला सांगतो. इतकी वर्षं मुंबईत काढली याचा कागदोपत्री पुरावा शून्य. ती सामान बांधते आणि गावी परत येते. त्या दोघीजणी तिला पोचवायला येतात.

पार्वती पडद्यावर आली तेव्हापासून काकूंनी मला अर्थ विचारणं बंद केलं. मी सांगायला लागलो तर हाताने थांबवलं. आमच्या जिल्ह्याला मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणत. घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, तरी माणसं परत आली नाहीत. कुठेकुठे चिकटून राहिली. काकूंचे यजमानही त्यातलेच. मुंबईची जागा कागदावर कधी त्यांची झाली नाही आणि गावचं घर कागदावर सतरा जणांचं. मधे जो माणूस असतो त्याचं नाव कुठल्याच कागदावर नीट नसतं. पार्वती परत येते तेव्हा संगीत वाजत नाही, वीज चमकत नाही, कोणी धावत येत नाही. बाई घरात शिरते आणि कामाला लागते. कोकणात परत येणं हे असंच असतं, आधी केरसुणी शोधावी लागते.

शेवटी समुद्रावर एक झोपडीवजा हॉटेल आहे, दिव्यांच्या माळा लावलेलं. रात्र आहे. सगळे बसलेले आहेत, आणि बस्स. तांडेल काही बोलले नाहीत. वास्तविक भरती की सुकती हे दिसत होतं. आमची ही म्हणाली, "छान होता, पण फार हळू." मी म्हणालो, बक्षिसाचे हळूच असतात.

काकू उठल्या, पदर सावरला, बॅटरी घेतली. त्यांच्या सात खोल्यांच्या घरात ओटीवरचा एक दिवा लागलेला असतो, तो लांबून दिसतो. पायरीवर थांबून त्यांनी मला विचारलं, "काय हो, त्या पार्वतीचं गावचं घर तिच्या एकटीच्या नावावर होतं, की दिरांची पण नावं होती?"

मी म्हटलं, "सिनेमात ते सांगितलेलं नाही."

"मग अर्धाच सांगितला," काकू म्हणाल्या. "उद्या 'पंचायत' लावा. त्यात सगळं लिहून असतं."